शेतकऱ्याची जागा भरणे आहे

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम मौजपूरला ठेवायची कल्पना कुणाची, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मुलीकडचे म्हणत तुमची, आमच्याकडचे म्हणत त्यांची. अकोला-अमरावती रस्त्यावर, मूर्तिजापूरच्या अलीकडे हे मौजपूर आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, फिरते पाळणे, भूतबंगला, बर्फाची खोली आणि शेवटी सिमेंटचे एक खेडे, असा सगळा मामला आहे. दोन्हीकडच्यांना अर्धाअर्धा रस्ता पडतो, एवढेच त्यातले मला पटलेले कारण.

माझा भाचा नितेश बार्शीटाकळीला राहतो. चार एकरांत वांगी, मिरची आणि झेंडू करतो. घर पक्के आहे, दारात गाडी आहे, व्यसन नाही. त्याच्यात खोट एकच, आणि ती कुठल्याही बायोडाटात लपत नव्हती. तो शेती करत होता. मुली पाहता पाहता तो तेहतिशीला आला. गल्लीतल्या बायका माझ्या बहिणीला, गोदाबाईला, "या खेपेस पोह्यात शेंगदाणे होते का वं?" असे विचारू लागल्या, तेव्हा तिने ठरवले की आता पाहायचे ते ओळखीचे कुणी नसेल अशा ठिकाणी. नकार आलाच तर आम्ही सहज फिरायला गेलो होतो.

मला बरोबर नेण्याचे कारण माझे मेहुणे किसनराव यांनी स्पष्ट सांगितले. "मास्तर, तुमी फक्त बसा. तुमाले पाहून समोरच्याले वाटते का घरात शिक्षण हाय." मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, मास्तर कधीच नव्हतो, हे त्यांच्या लग्नापासून आजवर मला त्यांना सांगता आलेले नाही.

फाटकावर झडती होती. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नव्हते. आमच्यापुढे अकोटचे एक कुटुंब होते. पहारेकऱ्याने बाईच्या कडेवरच्या बाळाच्या दुपट्यातून एक डबा काढला.

"हे काय?"

"बाळाचं खानं हाय."

त्याने डबा उघडला. आत भाकरी होती आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

"बाळ ठेचा खाते?"

"अकोटचं बाळ हाय ते," बाई म्हणाली.

डबा जप्त झाला. मग आमची पाळी आली. गोदाबाईच्या पिशवीतून नारळ, खण आणि कुंकवाचा करंडा निघाला. पहारेकऱ्याने वर पाहिलेसुद्धा नाही.

"पाहायले आले?"

गोदाबाईचा चेहरा उतरला. ज्या गोष्टीसाठी इतक्या लांब आलो ती फाटकातच फुटली. पहारेकऱ्याने टेबलाखालून एक क्रेट ओढला. त्यात नारळच नारळ होते आणि प्रत्येकाला आडनावाची चिठ्ठी चिकटवलेली. "आत फोडाले मनाई हाय. पसंती झाली का या, अन् घेऊन जा."

"एवढे सगळे पाहायलेच आले काय?" किसनरावांनी विचारले.

"रविवार हाय ना, बावा."

"अन् उरलेल्या नारळाचं काय करता?"

"कॅन्टीनले देतो. सोमवारी इडली अन् चटणी असते."

आम्ही मुकाट्याने आत गेलो.

मुलीकडच्यांचा फोन आला की ते आता बडनेऱ्याच्या पुढे निघाले आहेत. म्हणजे अजून घरातच असणार. आम्ही हिंडू लागलो. मला गर्दीत बोलता येत नाही, त्यामुळे ऐकू मात्र फार येते. हे चोरून ऐकणे तर नव्हे, अशी शंका मला नेहमी येते. पण चोरून ऐकावे लागेल इतक्या हळू आवाजात वऱ्हाडात कुणी बोलतच नाही.

लाटांच्या तलावाशी भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या आणि गुडघाभर पाण्यात उभा असलेला एक गृहस्थ हात जोडून म्हणाला, "अकोल्यात नळ आठव्या दिवशी येते गड्या, अन् इथं लाट तासातासाले!"

"यायले मीटर नसन," दुसरा म्हणाला.

"बोलत काय बसले?" त्याच्या बायकोने काठावरून आवाज दिला. "ते बादली भरून ठेवा आधी."

ती खरोखर म्हणाली की मला तसे ऐकू आले, कोण जाणे. पण त्या माणसाने इकडेतिकडे बादली शोधलेली मी पाहिली.

बर्फाच्या खोलीपाशी मोठीच अडचण झाली होती. पार्बताबाई नावाच्या एक आजी आत गेल्या होत्या आणि बाहेर यायला तयार नव्हत्या. त्यांचा मुलगा दारात उभा राहून विनवत होता, "माय, टाइम झाला, चाल."

आतून आवाज आला, "तुमी जा. मृगात न्यायले या."

पुढे डायनासोरचा पुतळा होता. एका पोराने बापाला विचारले, "बाबा, हे सगळे मेले कसे?" बापाने मान वर करून त्या अजस्र जनावराकडे पाहिले. मग म्हणाला, "पंचनाम्याची वाट पाहून."

नितेश कशालाच हसला नाही. त्याने नवा शर्ट घातला होता आणि घामाने तो पाठीला चिकटला होता. मी त्याला धीर देणारे काहीतरी बोलावे असे मला वाटत होते. पण जे जे सुचले ते सगळे कुठल्यातरी पुस्तकातले वाटले.

दुपारी मुलीकडचे आले. भेट योगायोगाने झाली असे दाखवायचे ठरले होते. त्याप्रमाणे मुलीचे वडील रामराव लांबूनच ओरडले, "अरे! तुमी इथं कसे?"

किसनराव ठरलेले विसरले. "तुमीच तं बलावलं," ते म्हणाले.

रामराव अमरावतीला एका सरकारी कार्यालयात मोठे बाबू आहेत. त्यांच्या पत्नी शकुनबाई. मुलगी साधना एका खासगी शाळेत शिकवते. नमस्कार होताहेत तोच शकुनबाई म्हणाल्या, "ते खेडं कुठं आहे हो? मला आधी तिथं जायचंय. बैलगाडीत फोटो काढायचाय."

खेड्याचे नाव 'आपलं गाव' होते. सिमेंटची बैलजोडी, बिनपाण्याची विहीर, भिंतीवर रंगवलेल्या गोवऱ्या. दोरी लावून वेगळ्या केलेल्या तुकड्यात प्लास्टिकची वांगी, प्लास्टिकची मिरची, आणि पाटी होती: 'पिकाला हात लावू नये'. धोतर नेसलेला, फेटा बांधलेला एक माणूस खांद्यावर नांगर घेऊन उभा होता आणि कुणी मोबाइल रोखला की हसत होता.

"किती शांत वाटते नाही!" शकुनबाई बैलगाडीतून म्हणाल्या. "असं जगायला पाहिजे खरं."

"बैल पाहा मम्मी, घाण पण करत नाही," साधना म्हणाली.

गोदाबाई प्लास्टिकच्या वांग्यांकडे टक लावून पाहत होती. "पानं धुते वाटते कोनी," ती माझ्या कानात म्हणाली.

बोलणी कॅन्टीनमध्ये झाली. पोहे संपले होते, म्हणून मोमो मागवले. पाहण्याच्या कार्यक्रमात मोमो मी पहिल्यांदाच पाहिले. किसनरावांनी एक फोडून आत काय आहे ते तपासले आणि पुन्हा बंद करून ठेवला.

"तर नितेशराव," रामराव म्हणाले, "आपण काय करता?"

"शेती. वांगे, मिरची, झेंडू."

"ते झालं. बाकी काय करता?"

"बाकीले टाइम नाही भेटत," नितेश म्हणाला.

रामराव माझ्याकडे वळले. किसनरावांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. हीच ती वेळ होती. मी म्हणालो की शेती हा फार प्राचीन व्यवसाय आहे. रामरावांनी चटणी पुढे ओढली. मी मोमो खाल्ला.

"पोरगा-पोरगी बोलून घेऊ द्या," शेवटी गोदाबाई म्हणाली. एकांतासाठी त्यांना मोठ्या फिरत्या कपांत बसवायचे ठरले. कपात तिघांची जागा होती आणि दोघे एकटेच कसे, म्हणून तिसरा मला बसवले. मी शक्य तितका बाहेर पाहत राहिलो, पण कप फिरत होता आणि बाहेर कुठे आहे ते ठरत नव्हते.

"किती वाजता उठता?" साधनाने विचारले.

"चारले. पाचले बजार भरते."

"मलेही उठा लागन का?"

"नाही. गाडी सुरू झाली का आवाजानं जाग येईन, तेवढंच."

ती हसली. मग कप जोरात फिरला आणि तिने त्याच्या मनगटाला धरले. मी डोळे मिटले.

"खरं सांगू का," ती म्हणाली, "तुमी मले वाईट नाही वाटले. पण शाळेत टीचररूममध्ये विचारतात, मिस्टर काय करतात म्हणून. बाकी सगळ्यांचे मिस्टर काही ना काही आहेत."

"अन् मी काहीच नाही?"

"तुमी आहात हो. पण त्याले नाव पायजे ना काहीतरी."

कप थांबला. उतरल्यावर नितेशला नीट उभे राहता येईना. मलाही.

तिकडे मोठ्यांचे बोलणे मुद्द्यावर आले होते. "शेती पाहिजेच," रामराव सांगत होते. "शेती नसन तं आमी पोरगी देतच नाही. पण पोरानं करू नये."

"मंग करन कोन?" किसनरावांनी विचारले.

"ते तुमी पाहा ना. शेतीचं आमाले काय समजते?" रामराव उठले, हात पुसले आणि म्हणाले, "कळवतो."

हा शब्द आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. गोदाबाईने पिशवीची गाठ घट्ट बांधली. गल्लीतल्या बायकांना आता काय सांगायचे ते ती मनातल्या मनात ठरवत असावी. नितेशने सर्वांच्या प्लेटा गोळा केल्या आणि उगाच धुवायला नेल्या.

एवढ्यात शकुनबाई कुठे दिसेनात. त्या खेड्यापाशी सापडल्या. धोतरवाला नांगर खाली ठेवून पाणी पीत होता आणि त्या त्याला विचारत होत्या, "पगार वेळेवर होते का?"

"एक तारखेले, बाई. पीएफ कापते. मंगळवारी सुट्टी. दोन जोड धोतर कंपनीचं."

"ऊन लागत असन?"

"वर जाळी हाय ना. पाऊस आला तं आत बसाचं. सहाले सुटलो का सुटलो."

शकुनबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. रामरावांनी त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आदर दिसला तो मोमो खाताना दिसला नव्हता. "लग्न झालं का तुमचं?" शकुनबाईंनी विचारले.

"झालं ना. इथं लागलो अन् महिन्यात जमलं. त्याच्या आधी कापसाच्या जिनिंगमध्ये होतो तं कोनी दारात उभं करत नोतं."

"शेती आहे घरची?"

"नाही वं बाई. मले निंदन-डवरन कायच समजत नाही. मी मनोज. आता तं माह्यं प्रमोशन झालं. पुढच्या महिन्यापासून भुतात जातो."

"कुठं?"

"भूतबंगल्यात. तिथं एसी हाय. शेतकऱ्याची जागा खाली होऊन राहिली."

किसनराव आमच्यामागे उभे आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हते. ते पुढे आले. नितेशचा दंड धरून ऑफिसकडे चालू लागले. मी मागे गेलो, कारण घरात शिक्षण आहे हे दाखवायला मीच होतो.

मॅनेजर सुगत नावाचा तरुण होता, नम्र आणि नीटनेटका. त्याने नितेशची जीन्स पाहिली, बूट पाहिले.

"शेतकऱ्याच्या जागेसाठी? अनुभव?"

"जल्मापासून," किसनराव म्हणाले.

"या लाइनमधला विचारतो काका. म्हणजे स्टेजचा, पब्लिकचा." मग नितेशला, "जरा नांगर उचलून दाखवता?"

कोपऱ्यात एक नांगर होता. नितेशने तो उचलला. "बाबा, मी शेतकरीच हाओ तं शेतकऱ्याची नोकरी काहून करू?" तो वडिलांना म्हणाला. पण तेव्हा त्याने दाराकडे पाहिले. दारात साधना उभी होती.

"असा नाही," सुगत म्हणाला. "तुम्ही कामाला चालल्यासारखे धरताय. खांद्यावर ठेवा. हं. आता जरा हसा."

नितेश हसला.

"वाटत नाही शेतकरी," सुगत खेदाने म्हणाला. "पण फेट्यानं निभेल. तीन महिने बघू, मग पर्मनंट."

आम्ही बाहेर येताच रामरावांनी किसनरावांना मिठी मारली. पर्मनंटचे पत्र हाती आले की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असे तिथेच ठरले. शकुनबाईंची एकच अट होती: पत्रिकेत शेतीचा उल्लेख नको, 'मौजपूर येथे कार्यरत' एवढे पुरे. साधनाने दुसऱ्या दिवशी टीचररूममध्ये सांगितले की होणारे मिस्टर पर्यटन क्षेत्रात आहेत. हे तिनेच मला नंतर हसत हसत सांगितले. तिचे हसणे मला आवडले की नाही, याबद्दल मी अजून निश्चित सांगू शकत नाही.

नितेशचा दिवस पूर्वीसारखाच चारला सुरू होई. वांगी-मिरची बाजारात टाकायची, मजुरांना काम लावून द्यायचे आणि मोटरसायकलवरून मौजपूर गाठून नऊला धोतर नेसायचे. संध्याकाळी येऊन पुन्हा शेत. "दिवसा बराच आराम भेटते," तो म्हणे. पण दिवसभर उभे राहून त्याचे हात शिवशिवत. म्हणून त्याने घरच्या रोपवाटिकेतली वांग्याची चार-सहा रोपे नेऊन त्या प्लास्टिकच्या ओळीत लावली. कुणाला सांगितले नाही. पाणी पिण्याच्या बाटलीने घाली. ती जगली, फुलली आणि सुटीच्या गर्दीत फळाला आली.

तिसरा महिना भरला त्या रविवारी रामराव दोन कुटुंबे घेऊन 'जावयाचं ऑफिस' दाखवायला आले. पत्र त्याच दिवशी मिळणार होते. गोदाबाई, किसनराव आणि मीही गेलो होतो. दोरीपाशी खूप माणसे होती.

"हे वांगे पाह्य," एक बाई नितेशच्या रोपांकडे बोट दाखवून म्हणाली. "पानाले भोकं पडले. स्वस्तातले आनले असन."

"मंग तिकडचे खरे आहेत काय?"

"तं! पाह्य ना कसे चमकून राहिले."

मी त्यांना सांगायला तोंड उघडले. पण अनोळखी बाईशी एकदम वांग्यांबद्दल कसे बोलावे ते सुचेना.

तेवढ्यात सुगत आला. एका मुलाला देठाचा काटा टोचला होता आणि त्याच्या आईने तक्रार केली होती. "नितेशभाऊ, हे तुम्ही लावलं? इथं खरं काही ठेवायचं नसतं हो. लोकांना इजा होते, किडे येतात. आत्ता काढून टाका, मी उभा आहे." पत्राचे पाकीट त्याच्या खिशातून वर आलेले दिसत होते.

"फळावर हाय," नितेश म्हणाला.

"म्हणूनच तर."

"महिनाभर राहू द्या, सर. मंग मीच काढतो."

"मग पत्रही महिन्याने बघू," सुगत शांतपणे म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला इतर विभागही बघायचे होते.

रामराव दोरीवरून वाकले. "उपटा ना जवाईबापू. चार झाडासाठी पर्मनंट घालवता का? पाव्हणे पाहून राहिले."

किसनराव फाटकाच्या दिशेला पाहत होते. फळावरचे झाड हाताने उपटणे आमच्या घरात कुणी केलेले नाही. गोदाबाईने पदर तोंडाला लावला.

नितेशने नांगर खाली ठेवला. मग खाली बसला आणि एकेक वांगे देठाशी धरून, पिळा देऊन तोडू लागला, बाजारासाठी तोडतात तसे, कोवळे एकीकडे आणि तयार दुसरीकडे. ठेवायला काही नव्हते. साधना दोरीखालून आत गेली आणि तिने ओढणी पसरली.

"साधना, डाग पडतीन!" शकुनबाई म्हणाल्या.

ओढणी भरली. मग त्याने पहिले रोप मुळाजवळ धरले, हलवून सैल केले आणि एका झटक्यात उपटले. माती झाडली, आडवे ठेवले. दुसरे. तिसरे. सुगतने पाकीट काढून रामरावांच्या हातात दिले. रामरावांनी ते पाहुण्यांना दाखवले.

माझ्या शेजारी एक माणूस आइसक्रीम खात हे सगळे पाहत होता. "काय सफाईनं उपटून राहिला पाह्य," तो बायकोला म्हणाला. "ट्रेनिंग देतात यायले."

"तरीच," ती म्हणाली. "मी म्हटलं, एवढं खरं कसं वाटून राहिलं."